शहिदांच्या मुलखातली शांतिशाळा : श्रीगुरुदेव सेवा मंडळाची वाटचाल

वर्धा नदीच्या अलीकडे बेनोडा, पलीकडे आष्टी, आणि अमरावतीच्या बाजूला वळले की यावली. ऑगस्ट १९४२ नंतर लोकांनी या तिन्ही गावांच्या नावांना ‘शहीद’ जोडले, ते आजही तसेच आहे. बेनोडा आपल्या वरूड तालुक्यातले. यावली हे वंदनीय राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे जन्मगाव. म्हणजे ज्या संस्थेचा इतिहास या स्मरणिकेसाठी लिहायचा, ती जिथे रुजली आणि फोफावली तो मुलूखच शहिदांचा. अशा मुलखातल्या तरुणाला शांतीची शिकवण द्यायची कशी, हा प्रश्न अखिल भारतीय श्रीगुरुदेव सेवा मंडळापुढे पहिल्यापासून उभा आहे. भजन, ग्रामसफाई, प्रार्थना, आरोग्यसेवा ही मंडळाची कामे गावोगाव ठाऊक आहेत. सांडलेल्या रक्ताची आठवण पुढच्या पिढीच्या हाती सोपवताना मंडळाने कोणती वाट धरली, त्या अंगाने हा इतिहास येथे मांडला आहे.

आठवणीची जात

सातारा, कोकण या भागांत हिंडले तर जुन्या गावांत एखादी दगडी पाटी दिसते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर इतके लोक गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच मजकूर. नावे बहुधा नसतात, नुसते आकडे. सरकारने युद्धाची आठवण अशी दगडात कोरून ठेवली आणि गावाने ती तशीच स्वीकारली.

वऱ्हाडातली आठवण निराळ्या जातीची. हा कापसाचा मुलूख, पुढे संत्र्याचा. लष्करभरतीची ती जुनी परंपरा इथे तितकी नव्हती. इथला माणूस पडला तो आपल्याच गावाच्या रस्त्यावर, आपल्याच पोलीस ठाण्यासमोर. त्यामुळे इथली आठवण सरकारने दगडात कोरलेली नाही. ती गावाच्या नावात शिरली आणि घरात बोलली गेली. आज परिस्थिती पुन्हा बदलली आहे. वऱ्हाडातली पोरे मोठ्या संख्येने सैन्यात आणि निमलष्करी दलांत जातात. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामाला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान शहीद झाले, त्यांत आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले दोघे होते. आता दोन्ही प्रकारच्या आठवणी एकाच चावडीवर येऊन बसल्या आहेत. मंडळाचे काम त्यामुळे सोपे झाले नाही, अवघडच झाले.

सालबर्डी ते गुरुकुंज

३० एप्रिल १९०९ रोजी यावलीला माणिक बंडोजी इंगळे हा मुलगा जन्मला. आईचे नाव मंजुळाबाई. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्याला तुकड्या केले आणि खंजिरी हाती घेतलेला हा तरुण गावोगाव फिरू लागला. १९३५ साली सालबर्डीच्या डोंगरावर महारुद्र यज्ञ झाला. सालबर्डी म्हणजे आपल्या शेजारच्या मोर्शी तालुक्याचा, मध्य प्रदेशाला लागलेला कडेचा भाग. महाशिवरात्रीला वरूडहून आजही लोक तिथे महादेवाला जातात. त्या यज्ञाला तीन लाखांवर माणसे जमल्याचे सांगितले जाते. एवढी माणसे एका खंजिरीच्या हाकेवर येतात हे महाराजांनी तिथे पाहिले. हा लोंढा घरी परतल्यावर काय करणार, हा प्रश्नही त्यांना तिथेच पडला असावा, कारण त्याच वर्षी अमरावती–नागपूर रस्त्यावरच्या मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. यज्ञ एकदाच करायचा असतो, आश्रम रोज चालवावा लागतो.

पुढच्या वर्षी, १९३६ मध्ये, महाराज गांधीजींकडे सेगावला गेले आणि महिनाभर राहिले. त्या गावाला पुढे सेवाग्राम हे नाव पडले. गांधीजी मौनात असताना महाराजांचे भजन ऐकून ‘पुन्हा म्हणा’ असे बोलून गेले, ही गोष्ट मंडळात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिचा खरेखोटेपणा बाजूला ठेवला तरी त्या महिन्याचा परिणाम स्पष्ट दिसतो. सामुदायिक प्रार्थना, स्वच्छता, सूतकताई, अस्पृश्यतेला विरोध ही सूत्रे गुरुकुंजाच्या दिनक्रमात आली. प्रार्थना मंदिरात मूर्ती बसवली नाही. तिथे अधिष्ठान ठेवले, म्हणजे कोणत्याही धर्माच्या माणसाला आपला देव तिथे आणता यावा.

युद्धाचा विरोध आणि ऑगस्टचा वणवा

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा विदर्भाने एक वेगळी लढाई पाहिली. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबांनी युद्धाविरुद्ध भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाला सुरुवात केली. पहिले सत्याग्रही ते, जवाहरलाल नेहरूंची पाळी त्यांच्यानंतर. या युद्धाला माणसाने वा पैशाने मदत करू नये, असे उघड सांगायचे आणि त्यासाठी तुरुंगात जायचे, एवढाच त्या सत्याग्रहाचा कार्यक्रम. म्हणजे आपल्यापासून नदीपलीकडच्या जिल्ह्यात युद्धविरोधाची एक शाळा तेव्हाच भरलेली होती.

सेवाग्रामातला एक प्रसंग यासोबत आठवण्याजोगा आहे. निचिदात्सु फुजीई या जपानी बौद्ध भिक्षूंनी १९३३ साली वर्ध्याला गांधीजींची भेट घेतली, आणि त्यांच्या पंथाचा एक भिक्षू पुढे सेवाग्राम आश्रमाचा सदस्यच झाला. तो रोज आपल्या छोट्या ढोलावर प्रार्थना करी. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि पोलीस त्याला घेऊन गेले. ढोल आश्रमात राहिला. गांधीजींनी जुलै १९४२ मध्ये जपानी जनतेला उद्देशून ‘हरिजन’मध्ये लिहिले, तेव्हा त्या भिक्षूच्या आठवणीचा आणि ढोलाचा उल्लेख केला, आश्रमाची सकाळ-संध्याकाळची प्रार्थना त्या ढोलानेच सुरू होते, असे त्यांनी सांगितले. आपला देश ज्याला शत्रू म्हणून मोजत होता, त्याच्या ढोलावर सेवाग्रामची प्रार्थना चालू होती.

त्यानंतर काही आठवड्यांतच ऑगस्ट उजाडला. ‘चले जाव’ची हाक वऱ्हाड-नागपुरात पोहोचली ती बहुतेक ठिकाणी खंजिरीसोबत. झाडे-दगड हीच शस्त्रे होतील आणि भजनी मंडळीच सेना होईल, अशा आशयाचे महाराजांचे भजन लोकांच्या तोंडी होते. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. चिमूर आणि आष्टी पेटले. आष्टीला पोलीस ठाण्यावर झेंडा लावायला लोक गेले, गोळीबार झाला, गावातली माणसे पडली आणि चिडलेल्या जमावाने फौजदारासह पोलिसांनाही ठार केले. त्याच दिवसांत बेनोड्याच्या पोलीस ठाण्यासमोर जमाव आणि बंदूक समोरासमोर आली. यावलीलाही रक्त सांडले. २८ ऑगस्टला महाराजांना चंद्रपूरला अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत राहून २ डिसेंबर १९४२ रोजी ते सुटले.

या घटनेच्या पुढच्या भागावर आपण क्वचितच बोलतो. चिमूरला स्त्रियांवर अत्याचार झाल्याची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपवास केला. १२ जानेवारी १९४३ ला तो सुटला. चिमूर-आष्टी खटल्यांत फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या, त्या रद्द व्हाव्यात म्हणून अनसूयाबाई काळे यांच्यासारख्या स्त्रियांनी दारोदार फिरून लोकमत उभे केले आणि माणसे फाशीच्या दोरापासून परत आली. गोळी झेलणाऱ्यांइतकीच ही माणसेही बेचाळीसची आहेत. आणि आष्टीच्या ठाण्यात मारले गेलेले पोलीस? तेही बहुतेक याच मातीतल्या गरिबांची पोरे होती, पगारासाठी गणवेश चढवलेली. शहीद म्हणून त्यांची नावे कोणी घेणार नाही, घ्यावीत असे म्हणणेही नाही. पण त्यांच्याही घरी चूल विझली, एवढे तरी तरुणांना कळले पाहिजे.

तुरुंगातून सुटल्यावर

मंडळाला खरा आकार या तुरुंगवासानंतर आला. पेटलेला लोंढा महाराजांनी पाहिला होता. त्याची किंमत गावांनी कशी मोजली, सामुदायिक दंड कसे वसूल झाले, घरे कशी उघडी पडली, हेही त्यांना कळले होते. यापुढे त्यांनी भर दिला तो बांधणीवर. गावोगावी शाखा उघडल्या. ‘श्रीगुरुदेव’ मासिक आणि आश्रमाचा छापखाना सुरू झाला. ग्रामसेवाधिकारी, तालुका सेवाधिकारी, जिल्हा सेवाधिकारी अशी साखळी तयार झाली. पहाटे सामुदायिक ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, सणावाराला रामधून आणि गावसफाई हा कार्यक्रम ठरला. बंगालच्या दुष्काळात मदत गोळा झाली. अस्पृश्यता, हुंडा, दारू यांविरुद्ध खंजिरी वाजू लागली. डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी महाराजांना ‘राष्ट्रसंत’ म्हटले ते या कामामुळे.

१९५५ मध्ये ‘ग्रामगीता’ आली. ४१ अध्याय, ४६७५ ओव्या. तिच्यातले संघटनशक्ती, ग्रामशुद्धी, सामुदायिक प्रार्थना हे अध्याय वाचताना ध्यानात येते की महाराजांनी बेचाळीसचा हिशेब मनात ठेवूनच हा ग्रंथ लिहिला. गावात भांडण असेल तर देशात शांती कुठून येणार, अशी त्यांची साधी बैठक होती. तंटा गावातच मिटवा, दुबळ्याला आधार द्या, तरुणांच्या हाती काम द्या. दुहीच्या जागी एकी आली की बंदुकीची गरजच कमी होते, हा त्यांचा विश्वास. विश्वशांती हा शब्द त्यांच्या लेखी आकाशातला नव्हता. तो गावाच्या चावडीपासून सुरू होत होता.

हिरोशिमाच्या देशात खंजिरी

त्याच १९५५ साली जपानमध्ये विश्वधर्म आणि विश्वशांती परिषद भरली आणि महाराज तिला गेले. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडून दहा वर्षे झाली होती. भाजलेली माणसे हयात होती, शहर नव्याने उभे राहत होते आणि जगाच्या कानाकोपऱ्यातले धर्मगुरू त्या देशात शांतीवर बोलायला जमले होते. त्या परिषदेत महाराजांनी खंजिरीवर भजन म्हटले. तेरा वर्षांपूर्वी ज्या खंजिरीवर दगडांची शस्त्रे करण्याची भाषा होती, तीच खंजिरी अणुबॉम्बने होरपळलेल्या देशात शांतीसाठी वाजली. यात विसंगती शोधणाऱ्यांना ती सापडेल. पण महाराजांच्या दृष्टीने दोन्ही वेळा काम एकच होते : अन्यायापुढे वाकू नका, आणि माणसाला माणसापासून तोडू नका. बेचाळीसमध्ये पहिली गोष्ट पुढे होती, पंचावन्नमध्ये दुसरी.

जपानशी विदर्भाचा धागा नंतरही तुटला नाही. फुजीई गुरुजींच्या पंथाने वर्ध्याला गीताई मंदिराच्या परिसरात उभारलेला विश्वशांती स्तूप १९९३ साली खुला झाला. गुरुकुंजाहून वर्ध्याला जाणाऱ्या सहलींनी सेवाग्राम पाहिल्यावर हा स्तूपही पाहावा. आणि त्याच जिल्ह्यात पुलगावला देशातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक आहे, हेही मुलांना सांगावे. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्री तिथे आग लागली आणि डझनाहून अधिक जवान व अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. एकाच जिल्ह्यात सेवाग्राम, पवनार, शांतिस्तूप आणि दारूगोळ्याची कोठारे. युद्ध आणि शांती यांच्यातले अंतर नकाशावर किती थोडे असते, ते शिकवायला याहून चांगला धडा मिळणार नाही.

सरहद्दीवर

१९६२ मध्ये चीनने आक्रमण केले. विश्वशांती परिषदेला जाऊन आलेले महाराज तेव्हा जवानांना धीर द्यायला निघाले. १९६५ च्या पाकिस्तानशी झालेल्या युद्धातही त्यांनी तेच केले. भजनातून त्यांनी सैनिकांचे मनोधैर्य वाढवले, गावांतून मदत गोळा करवली. इथे तरुण कार्यकर्ते आजही अडखळतात. शांतीचा प्रचारक सीमेवर कसा जातो?

मंडळाच्या आचारात याचे उत्तर आहे. महाराजांनी युद्धाचा गौरव केला नाही. आक्रमण झाले की प्रतिकार करावाच लागतो, हे मान्य करून प्रतिकार करणाऱ्या पोरांच्या पाठीशी ते उभे राहिले. विनोबांनी १९५७ मध्ये शांतिसेनेची कल्पना मांडली तीही जवळपास याच धर्तीवर. दंगल पेटली तर मधे उभे राहणारे, मार खायची तयारी असलेले, पण हात न उगारणारे तरुण, ही ती कल्पना. दोघांच्या वाटा पूर्ण एक नव्हत्या. विनोबा शस्त्रापासून दूर राहिले, महाराज शस्त्र धरलेल्या जवानाजवळ गेले. पण तरुणाला नुसता घोषणा देणारा न ठेवता शिस्तीत उभे करायचे, यावर दोघांचे एकमत होते.

डिसेंबर १९६७ मध्ये कोयनेला भूकंप झाला. महाराज थकले होते, तरी मदतकार्यासाठी निघाले. युद्ध असो वा भूकंप, मंडळाच्या कार्यकर्त्याने काय करायचे याची रीत अशा प्रसंगांतून पडत गेली : आधी तिथे पोहोचायचे, मग हातातले काम करायचे, भाषण नंतर.

४ वाजून ५८ मिनिटे

११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी महाराजांनी गुरुकुंजात देह ठेवला. तेव्हापासून दरवर्षी अश्विन वद्य पंचमीला गुरुकुंजात मौन श्रद्धांजली होते. सप्ताहभर भजन, कीर्तन, प्रदर्शने, शिबिरे. शेवटच्या दिवशी महासमाधीसमोरच्या मैदानात माणसांचा समुद्र. दिंड्या येतात, पताका नाचतात, टाळ-मृदंग आणि खंजिऱ्यांचा गजर सुरू असतो. आणि ठरलेल्या मिनिटाला सगळे थांबते. हातातली खंजिरी हातातच राहते. खांद्यावरचे पोर बापाच्या टोपीकडे बघत असते, आणि लाख माणसे असूनही पताकांची फडफड ऐकू येते. मौन संपले की वेगवेगळ्या धर्मांच्या प्रार्थना होतात. शेजारी उभ्या असलेल्याचा धर्म कोणता याची चौकशी तिथे कोणी करत नाही.

जगात युद्धाची आठवण पाळायची सर्वांत रूढ पद्धत हीच आहे, हे इथे नोंदवावेसे वाटते. पहिले महायुद्ध थांबले ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजता, म्हणून १९१९ पासून ब्रिटनमध्ये त्या वेळेला दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते. हिरोशिमात ६ ऑगस्टला सकाळी सव्वाआठला घंटा वाजते आणि सारे शहर मौन धरते. आपल्याकडे ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता हुतात्म्यांसाठी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहायची सरकारी प्रथा आहे. गुरुकुंजाचे मौन एका संतासाठी आहे, युद्धासाठी नाही. पण त्या मौनात बेनोडा, यावली, आष्टी, चिमूर यांची नावे मनात यायला कोणाची हरकत आहे? उलट ती यावीत अशी सोय मंडळाने करून ठेवली आहे, कारण ज्यांना तो इतिहास ठाऊक आहे त्यांना त्या मिनिटात तो आठवल्याशिवाय राहत नाही.

शिबिरातले पोट्टे

उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत गुरुकुंजात आणि ठिकठिकाणी श्रीगुरुदेव सुसंस्कार शिबिरे भरतात. संत्र्याच्या बागेत पाणी देऊन आलेले, मोबाइलवरून नजर न हटणारे पोट्टे तिथे पहाटे उठतात, ध्यानाला बसतात, आपले ताट आपण धुतात, रांगेत चालतात. योगासने, लाठीकाठी, खंजिरी, हार्मोनियम, ग्रामगीतेचे पाठांतर, श्रमदान, रात्री भाषण. पहिल्या दोन दिवसांत घरची आठवण काढून रडणारा मुलगा शेवटच्या दिवशी माइक सोडायला तयार नसतो, हे प्रत्येक शिबिरप्रमुखाने पाहिलेले आहे.

लाठीकाठी शिकवणारी संस्था शांती कशी शिकवते, असे कोणी विचारले तर लाठी फिरवणाऱ्या मुलाकडे पाहावे. त्याला पहिल्यांदा शिकवतात ते अंतर : शेजाऱ्याला लागू न देता लाठी कशी फिरवायची. ताकद असावी आणि ती आवरता यावी, या दोन्ही गोष्टी एकाच कवायतीत येतात. आणि संध्याकाळी हाच मुलगा प्रार्थनेत सर्वधर्मीयांच्या रांगेत बसतो. रागाला शिस्त लागली की त्याचे सामर्थ्य होते, हा बेचाळीसने मंडळाला शिकवलेला धडा आहे. तोच धडा मंडळ पोरांना मैदानात आणि प्रार्थनेत मिळून देते.

वरूडच्या अंगाने

वरूड तालुका संत्र्याचा. मृग बहार, आंबिया बहार, व्यापारी, ट्रक, पाण्याची चिंता यांत वर्ष निघून जाते. मंडळाच्या शाखा इथल्या गावांत जुन्या आहेत. मारुतीच्या पारावर वा शाखेच्या प्रार्थना मंदिरात संध्याकाळची प्रार्थना, ३० एप्रिलला ग्रामजयंती, पुण्यतिथीला गुरुकुंजाच्या दिंड्या हे आपल्याकडचे ठरलेले क्रम. बेनोडा तर शहीद गाव म्हणून आपल्या तालुक्याचा मान.

पण या स्मरणिकेत खरे ते लिहिले पाहिजे. संध्याकाळच्या प्रार्थनेत पिकल्या केसांची मंडळी जास्त आणि तरुण कमी, हे चित्र अनेक गावांत आहे. बेचाळीस प्रत्यक्ष पाहिलेले आजोबा-आजी आता जवळजवळ उरलेले नाहीत. त्यांच्याकडून ऐकलेले मुलगे-मुली सत्तरी ओलांडून गेले आहेत. बेनोड्याला त्या दिवशी कोण पुढे होता, गोळीबाराआधी काय बोलले गेले, पळून गेलेले लोक किती दिवस शेतात लपले, दंड कोणी भरला, कोणाच्या घरी भाकरी मिळाली, हे सगळे अजूनही काही घरांत आठवणीत आहे. कागदावर मात्र फारच थोडे. त्याउलट मोबाइलवर युद्धाच्या चित्रफिती तासन्‌तास फिरतात. कोणत्याही गावातला मुलगा सीमेवरच्या तोफेचे नाव सांगेल. आपल्या गावच्या ठाण्यासमोर कोण पडले, ते त्याला विचारले तर तो मान खाली घालतो. यात दोष त्याचा नाही, आपला आहे.

दुसरी गोष्ट. सीमेवर वऱ्हाडातला जवान पडला की गाव लोटते. तिरंगे येतात, घोषणा होतात, ते योग्यच. पण तेराव्यानंतर त्याच्या घरी किती जण जातात? पेन्शनच्या कागदांसाठी तहसिलीत त्याच्या बायकोसोबत कोण उभे राहते? मंडळाच्या रीतीप्रमाणे आठवण पाळायची तर हेच काम पहिले येते. शहिदाच्या घरच्या लेकरांची शाळा सुरू राहिली तर ती मोठी श्रद्धांजली. मिरवणुकीपेक्षा ती अवघड, म्हणून अधिक आवश्यक.

पुढची वाट

१९९५ मध्ये टपाल खात्याने महाराजांचे तिकीट काढले. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. मान-सन्मान होत राहतील. मंडळाच्या पुढच्या इतिहासाचा कस मात्र आपल्या शाखांत, आणि त्यांतही तरुणांच्या हाती असलेल्या शाखांत लागणार आहे. तेव्हा तालुक्यातल्या सर्व शाखांना या स्मरणिकेच्या निमित्ताने विनंती आहे.

दरवर्षी १६ ऑगस्टला शाळा-महाविद्यालयांतील मुलांची पदयात्रा बेनोड्याला न्यावी. रस्त्यात घोषणा कमी आणि माहिती जास्त असावी. पोहोचल्यावर दोन मिनिटे मौन पाळावे आणि ते त्या दिवशी मृत्यू पावलेल्या प्रत्येक माणसासाठी असावे. शाखेच्या एका तरुण सेवकाने वर्षभरात गावातल्या जुन्या घरांत जाऊन बेचाळीसच्या आठवणी वहीत उतरवून घ्याव्यात. सांगणाऱ्याचे नाव, गाव, वय आणि तारीख लिहावी; फोटो मिळाल्यास त्याची प्रत काढून मूळ फोटो परत करावा. गावातल्या जवानांची आणि त्यांच्या कुटुंबांची यादी ठेवून त्यांच्या सरकारी कामांत एका सेवकाने लक्ष घालावे. आणि उन्हाळी शिबिरांत एक संध्याकाळ गावातल्या भांडणांसाठी राखून ठेवावी : बांधाचा वाद, धर्माचा तंटा, भाऊबंदकी, जे काही असेल ते. मुलांनी आपसांत दोन बाजू वाटून घ्याव्यात आणि दोन्ही बाजूंना मान्य होईल असा तोडगा काढून दाखवावा. लहान भांडणे मिटवायची सवय लागलेल्या माणसालाच मोठी मिटवता येतात.

वहीतल्या नोंदी पुढच्या ग्रामजयंतीपर्यंत तालुका सेवाधिकाऱ्यांकडे द्याव्यात. त्यांची एक प्रत गुरुकुंजाला आणि दुसरी बेनोड्याच्या शाळेला देण्यात यावी. जय गुरुदेव.